पुन्हा सर आणि सुमनबाईंचा पंखा

पुन्हा सरांनी आयुष्यात एकदाच केलेली गोष्ट म्हणजे लग्न. बाकी सगळं ते दोनदा करायचे. कुलूप लावून चार पावलं गेले की परत फिरून ओढून बघायचे. रस्ता एकाला विचारायचे आणि पुढच्या वळणावर दुसऱ्याला तोच रस्ता विचारायचे. दोघांचं जुळलं तरच पुढे निघायचे. भाजीबाजारात जोखलेली वांगी पारड्यातून उतरवून परत ठेवायला लावायचे. भाजीवाली वैतागून म्हणायची, "सर, माझ्यावर इश्वास न्हाई का?" त्यावर सर अगदी गोड आवाजात, "तुमच्यावर आहे हो. तराजूवर नाही."

त्यांचं खरं नाव चर्चच्या दप्तरात आणि पेन्शनच्या कागदांवर होतं. नगरला आमच्या कॉलेजातल्या संख्याशास्त्र विभागात ते पुन्हा सरच. कोणी काहीही उत्तर काढून आणलं, की त्याच्या तोंडाकडे न बघता ते म्हणायचे, "पुन्हा." एकदा रविवारच्या उपासनेला पाळकसाहेबांनी उपस्थिती जाहीर केली, तर मागच्या बाकावरून तोच शब्द आला म्हणतात. ही गोष्ट मला त्यांच्या पत्नीनं, ग्रेसताईंनी सांगितली. सांगताना त्या हसत होत्या, पण त्या दिवशी उपासनेतून घरी येईपर्यंत नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा काय रूप होतं माझं, आज आठवलं तरी पदर तोंडावर घ्यावासा वाटतो. पुण्याहून सुवर्णपदक घेऊन आलेली. नगरमध्ये आपण आलो म्हणजे शहरावर उपकारच केले, अशी चाल. पायात उंच टाचांच्या सँडल. विभागात एकच संगणक होता, त्याला स्वतंत्र खोली आणि गार हवेचं यंत्र; त्या खोलीत चपला बाहेर काढूनच जावं लागायचं. सँडल काढल्या की माझी उंची कमी व्हायची आणि तिच्याबरोबर आवाजही. पुन्हा सर अनवाणीच बरे दिसायचे. त्यांच्या पायजम्याला तेच शोभायचं.

नागापूरच्या एका कारखान्यानं नटबोल्टची मोजमापं पाठवली होती. त्यांच्यावरून संगणकाकडून हजारो काल्पनिक खोकी भरून घ्यायची आणि खोक्यात खराब माल साधारण किती निघेल ते सांगायचं, असं काम. मी ते दुपारी संपवलं आणि कागद सरांच्या पुढ्यात असा ठेवला, जणू ताट वाढलंय.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा चालवलं. उत्तर वेगळं आलं. मी हसून म्हणाले, "सर, हे यादृच्छिक आहे. थोडं बदलणारच."

"मग कारखान्याला काय कळवू? सकाळी फोन केलात तर एक उत्तर मिळेल, संध्याकाळी केलात तर दुसरं?"

तेव्हा त्यांनी मला जे समजावलं ते मी पुढे तीस वर्षं मुलांना समजावत आले, म्हणून इथेही दोन ओळींत सांगते. संगणकाला मनाला येईल तो आकडा काढता येत नाही. त्याच्याकडे एक सूत्र असतं. त्यातून एकामागून एक आकडे निघतात आणि ते बेशिस्त दिसतात एवढंच. सूत्राला सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला सीड म्हणतात. आपण दिला नाही, तर यंत्र घड्याळातली वेळ उचलतं आणि दर वेळी नवी मालिका काढतं. आपण आकडा दिला आणि तो लिहून ठेवला, तर जगात कोणीही, कधीही तोच आकडा देऊन तीच मालिका परत काढू शकतो. आपलं उत्तर तपासू शकतो. "तपासता येत नाही ते उत्तर नसतं, बाई," सर म्हणायचे. "ती अफवा असते."

झालं. बाईंनी लगेच यावर उपाय शोधला. पुढच्या कामाला मी वेगवेगळे आकडे देऊन पाहिले, ज्यानं उत्तर सर्वांत देखणं आलं तो ठेवला, आणि कागदावर ठळक अक्षरात लिहिला. सरांनी वाचलं.

"हाच आकडा का?"

"आवडता आहे माझा."

"कधीपासून? चालवण्याआधीपासून की चालवल्यानंतर?"

कान असे तापले की त्यांच्यावर पोळी भाजली असती. सर ओरडले नाहीत. त्या दिवसापासून विभागात मात्र एक रीत पडली: आकडा आपण निवडायचा नाही. ज्यांच्यावर निवड येणार, त्यांच्यातल्या कोणीतरी तो आधी, सगळ्यांसमोर, तोंडानं सांगायचा. परीक्षेच्या गटवारीचा आकडा मुलं सांगायची. शिपायांच्या पाळ्यांचा आकडा शिपाईच सांगायचे. सर तो फळ्यावर लिहायचे, यंत्र चालवायचे, आणि यादी लावून टाकायचे. तिच्यावर कोणी कधी कुरकुर केली नाही. कॉलेजात जिथे चहाच्या कपावरूनही गट पडायचे, तिथे ही केवढी गोष्ट होती ते तिथे नोकरी केलेल्यांनाच कळेल.

आता सुमनबाईंकडे येते.

कोरोनाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, माझीही निवृत्ती जवळ आली होती. पुण्याच्या एका संस्थेला कांदाचाळीत खालून हवा खेळवणाऱ्या पंख्यांची चाचणी घ्यायची होती. पंख्यानं साठवलेला कांदा कमी सडतो का, एवढाच प्रश्न. काष्टीच्या आतल्या अंगाला एका गावातल्या चाळीस चाळी घेतल्या. निम्म्यांना पंखा, निम्म्यांना नाही, आणि हंगामभर दर पंधरवड्याला कॉलेजच्या मुलांनी दोन्हीकडचा सडका कांदा वजन करायचा. कोणाला पंखा द्यायचा हे नशिबावर, म्हणजे यंत्रावर. संस्थेनं सरांना बोलावलं आणि सरांनी मला.

शाळेच्या पडवीत गाव जमलं. सर म्हणाले, आकडा तुमच्यातल्या कोणीतरी सांगा. सगळ्यांनी सुमनबाईंकडे बघितलं. वयानं त्याच मोठ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा चाकणला नोकरीला, शेत आणि चाळ त्या एकट्या बघायच्या. त्या म्हणाल्या, "चारशे अकरा. आमच्या जमिनीचा गट नंबर हाय." सरांनी फळ्यावर ४११ लिहिलं, यंत्र चालवलं, यादी वाचली. पंखेवाल्या निम्म्यांत सुमनबाईंचं नाव नव्हतं.

"माज्याच तोंडानं सांगितलं," त्या म्हणाल्या, "आता कुनाला बोलू." आणि हसल्या. बायकाही हसल्या. पंखे बसले, कांदा चाळीत पडला.

दोन महिन्यांनी गावातून निरोप आला, की कुजबुज सुरू आहे. ज्या भाऊसाहेबांच्या ओसरीवर सर पहिल्या दिवशी जेवले होते, त्यांना पंखा लागला होता. पारावरची पोरं म्हणत होती, सरांनी जिथं भाकरी खाल्ली तिथंच वारं आलं. सर दुखावले नाहीत, उलट खूश झाले. आयुष्यभर ते ज्याची वाट बघत होते ते घडलं होतं: कोणीतरी आपणहून म्हणत होतं, पुन्हा दाखवा.

"बाई, चला. यासाठीच तर आकडा लिहून ठेवला."

मी लॅपटॉप घेतला. आणि इथे माझ्या शहाणपणाची दुसरी कथा सुरू होते. आदल्याच आठवड्यात मी त्या लॅपटॉपवर आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली होती. विभागातली तरुण मंडळी "मॅडम अजून जुन्याच वर" असं म्हणाली होती, तेवढं पुरलं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मला तरुण दिसायची हौस होती. केस रंगवले असते तर कमी नुकसान झालं असतं.

पडवीच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलं, त्यावर प्रोजेक्टरनं लॅपटॉपचं चित्र पाडलं. या वेळी गर्दी दुप्पट होती. सर उभे राहिले, त्यांचा लग्नकार्याला घालायचा कोट त्यांनी घातला होता. म्हणाले, "तुम्ही शंका घेतलीत याबद्दल आभार. आकडा तोच, चारशे अकरा. यादी तीच येईल. न आल्यास मी आयुष्यभर जे शिकवलं ते चूक."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

मी आकडा दिला. यादी आली. धोतरावर पहिलंच नाव सुमनबाईंचं. भाऊसाहेबांचं नावच नाही.

मग मागून एक पोरगा फिसकन हसला आणि सगळी पडवी हलली. सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बाई, पुन्हा." पुन्हा चालवलं, तीच नवी यादी. तिसऱ्यांदा, तीच. चौथ्यांदा, तीच. जे पुन्हा येतं ते खरं, असं सरांनी जन्मभर सांगितलं, आणि आता हे दर खेपेला हट्टानं पुन्हा येत होतं.

सुमनबाई उठल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "सर, मंग माजा पंखा कुठं हाय?"

सर परत धोतरावरच्या नावांकडे वळले. आणि अशा वेळी सुवर्णपदकवाल्या बाई पुढे सरसावल्या. मी म्हणाले, मी, जिनं तीस वर्षं मुलांना हाच विषय शिकवला, तिनं भर सभेत सांगितलं, "व्होल्टेज कमीजास्त होतंय ना, त्यामुळे होतं असं कधीकधी."

सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं. "व्होल्टेजनं मोटर जळती म्याडम. नावं न्हाई बदलत."

पडवी पुन्हा हसली. मला वाटलं, त्या धोतरामागे जाऊन उभं राहावं. सरांनी कोटाची बटणं लावली, सोडली, परत लावली. मग म्हणाले, "सुमनताई, आत्ता मला सांगता येत नाही. सांगायला परत येईन." कोणीतरी ओरडलं, "भाकरी खाऊनच जा, सर." सर त्यालाही हो म्हणाल्यासारखी मान हलवून निघाले. त्यांना ऐकूच आलं नसावं.

गाडीत मला एकदम उमगलं. रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि सांगून टाकलं, "सर, मी नवी आवृत्ती टाकली होती. गेल्या आठवड्यात."

नगरला पोचल्यावर जुनी आवृत्ती परत चढवली. चारशे अकरा दिल्याबरोबर पहिली यादी, नावाला नाव, समोर. नव्या आवृत्तीसोबत जी टिपणं असतात, जी वाचायची असतात आणि जी मी वाचली नव्हती, त्यांत स्वच्छ लिहिलं होतं: यादीतून नावं उचलायच्या जुन्या पद्धतीत बारीक उणीव होती, ती काढलीय, त्यामुळे तोच सुरुवातीचा आकडा दिला तरी निवड वेगळी येईल, जुनी निवड हवी तर जुन्या पद्धतीनं चाल, असं सांगायची एक ओळ आहे. एक ओळ. ती लिहिली असती तर काही झालं नसतं.

मला हायसं वाटलं. "सुटलो, सर. पहिली यादी खरीच होती. चूक आपली नाहीच."

"आपण फळ्यावर काय लिहिलं होतं?"

"चारशे अकरा."

"आणि आवृत्ती? नावं उचलायची रीत? ती कोण लिहिणार होतं? भाऊसाहेब?" सर खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "मी चाळीस वर्षं अर्धंच लिहायला शिकवलं, बाई. पुरं लिहायला शिकवल्याचा तोरा मिरवत."

मी एक तोडगा सुचवला. आपण गुपचूप सुमनबाईंना एक पंखा देऊ, तोंड बंद होईल. सर माझ्यावर आयुष्यात एकदाच रागावले, ते तेव्हा. "तोंड बंद करायला गेलो होतो का आपण? आणि त्यांना पंखा दिला तर उरलेल्या एकोणीस जणांना काय सांगणार? चाचणी मोडेल ती मोडेल. पण मग त्या पोरांचं खरं ठरेल, की सरांच्या मनात येईल त्याला वारं."

आठवड्यानं आम्ही परत गेलो. सरांनी या वेळी लॅपटॉप मला बाहेरच काढू दिला नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून पत्त्यांचा कॅट काढला. चर्चच्या पंचमंडळातला माणूस पत्ते घेऊन आलेला बघून पडवीत लहर उठली.

"सर, तीनपत्ती का रमी?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही शिकवाल ती," सर म्हणाले. "पण आधी हे बघा." त्यांनी कॅट सुमनबाईंच्या हातात दिला आणि पिसायला सांगितलं. पिसलेला क्रम पत्ते उलटून सगळ्यांना दाखवला. मग वरून एकेक करत पाचपाच पत्ते सुमनबाईंना आणि भाऊसाहेबांना वाटले. पत्ते गोळा करून क्रम होता तसाच लावला आणि या वेळी खालून वाटले. दोघांच्या हातात वेगळीच पानं आली.

"पिसणं तेच होतं," सर म्हणाले. "वाटायची रीत बदलली. आमच्या यंत्रात हेच झालं. तुमचा चारशे अकरा म्हणजे पिसणं. ते मी लिहिलं. वाटायची रीत लिहिली नाही. मधे यंत्राची रीत बदलली आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पहिली यादी खरी आहे. पण ती खरी आहे हे त्या दिवशी तुम्हाला दाखवता आलं नाही, ही चूक यंत्राची नाही, या बाईंचीही नाही. माझी."

मी खाली बघत बसले. बाईंचीही नाही असं ते म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी बाईंकडेच बघितलं.

सुमनबाईंनी हातातले पत्ते चाळले. "समजलं," त्या म्हणाल्या. "पर समजल्यानं माजा कांदा वाचत न्हाई, सर."

"नाही वाचत."

"आता तुमी म्हंता तशी मी बिनपंख्याची राहते. चाचणी मोडत न्हाई तुमची. पर माजा कांदा मोजायला पोरं न्हाई धाडायची. तुमी यायचं. सडल्याला समदा कांदा तुमी तुमच्या डोळ्यानं बघायचा."

"येईन," सर म्हणाले.

आणि ते आले. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस दर पंधरवड्याला एसटीनं काष्टीला आणि तिथून मिळेल त्या टेम्पोनं गावात. गुडघे वाकत नव्हते, म्हणून पाटाऐवजी उलटं घमेलं टाकून बसायचे आणि सुमनबाईंच्या चाळीतला कांदा एकेक हातात घेऊन निवडायचे. मी कधीकधी बरोबर जायची, नाकाला अत्तराचा रुमाल लावून. सडक्या कांद्याचा वास कपड्यांत असा भिनतो की परतीच्या एसटीत आमच्या शेजारची बाकं आपोआप रिकामी व्हायची. "बघा बाई," सर म्हणायचे, "म्हातारपणी जागा मिळते ती अशी." घरी गेल्यावर ग्रेसताई त्यांना मागच्या दारानंच आत घ्यायच्या, अंगणातल्या नळाखाली अंघोळ घालून.

त्या वर्षी सुमनबाईंचा कांदा वाईट सडला. दर खेपेला ढीग वाढलेला असायचा. सर वजन करायचे, परत करायचे, आकडा मोठ्यानं सांगायचे. सुमनबाई ऐकून घ्यायच्या आणि चहा ठेवायच्या. भाऊसाहेबांच्या चाळीतला चांगला कांदा बघायला सर एकदाही गेले नाहीत. ते काम मुलांकडेच होतं.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा सरांनी पहिल्याच पानावर 'आमच्याकडून राहिलेलं' असं शीर्षक घालून सगळी हकिगत लिहिली. मी हातापाया पडले. म्हटलं, शेवटी घाला, तळटिपेत घाला, लोक हसतील आपल्याला. "हसले तेव्हा आपण होतो की तिथे," सर म्हणाले. पुण्याच्या संस्थेतल्या माणसानं ते पान वाचून माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मला अजून आठवते. मी तोंडभर हसून चहा मागितला होता.

कोरोना सरला आणि संस्थेनं दुसऱ्या फेरीचा विचार काढला. पहिल्या वर्षी वीज नसल्यामुळे पंखे इतके दिवस बंद राहिले होते की फरक नक्की किती, ते सांगता येईना. आता सौरऊर्जेवरचे पंखे आणले होते. प्रश्न असा, की गाव पुन्हा यंत्रावर निवड होऊ देईल का. भाऊसाहेब म्हणाले, चिठ्ठ्या टाका, नको ते मशीन. बरेच जण तेच म्हणाले. सर हातातली काठी दोन्ही पायांच्या मधे धरून बसले होते.

सुमनबाई म्हणाल्या, "चिठ्ठी उचलणाऱ्याचा हात कुनी बघितलाय? मशीनवरच हुं द्या. सर, लिवा भिंतीवर समदं."

सर उठले. खडूनं भिंतीवर आकडा लिहिला, सुमनबाईंनीच सांगितलेला, या वेळी वेगळा. खाली सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहिली, आकडे काढायचं सूत्र लिहिलं, नावं उचलायची रीत लिहिली. मग दोन निरनिराळे लॅपटॉप, एक माझा आणि एक गावातल्या शाळामास्तरांचा, दोन वेगळ्या माणसांच्या हातांत. दोन्हींवर एकदमच यादी आली आणि दोन्ही याद्या नावाला नाव जुळल्या.

पडवीत टाळ्या पडल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवत होते, अगदी उभी राहून. इतकी वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं होतं माझं. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात धरून खाली ओढला तेव्हा मी यादी नीट वाचली. सुमनबाईंचं नाव याही वेळी पंखेवाल्यांत नव्हतं.

सर टाळ्या वाजवत नव्हते. ते काठी टेकत सुमनबाईंच्या शेजारी जाऊन जमिनीवर बसले. कसे बसले कोण जाणे, उठवायला नंतर दोन माणसं लागली.

"बराबर आलं न्हवं, सर?" सुमनबाईंनी विचारलं.

"बरोबर आलं."

"मंग झालं. मोजायला कवा येताय?"

"पंधरवड्यानं," सर म्हणाले.

उन्हाळाभर ते जात राहिले. पावसाळ्यात काठीऐवजी माझा खांदा लागायला लागला. ऑगस्टात, दोन मोजण्यांच्या मधल्या एका पहाटे, ते झोपेतच गेले. ग्रेसताई सुन्न बसल्या होत्या, म्हणून कोणाकोणाला कळवायचं ते मी हातात घेतलं. जुने विद्यार्थी, निवृत्त प्राध्यापक, पाळकसाहेब, पुण्याच्या संस्थेची मंडळी, झाडून सगळ्यांना फोन केले. दफनभूमीत उभं राहायला जागा नव्हती. व्यवस्था बाईंनी फार चोख केली, असं लोक मला सांगून गेले, आणि मला ते ऐकायला आवडलं.

पुढच्या मोजणीच्या दिवशी मी एकटीच गावात गेले. नुकताच घेतलेला डिजिटल काटा बरोबर होता. सुमनबाई चाळीच्या तोंडाशी घमेलं उलटं टाकून, त्यावर पोतं पसरून उभ्या होत्या. माझ्या मागे रस्त्याकडे बघत होत्या.

"सर बशीतनं उतरले न्हाईत का?"

मी जागीच थांबले. तोपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, की या बाईला माहीत नाही.

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कवा?"

"मागच्या मंगळवारी."

"माज्याकडं मोबाईल हाय की. सरांकडं नंबर हुता."

"हो. मला सुचलं नाही."

"मातीला आले असते मी," त्या म्हणाल्या. दोष देत नव्हत्या. आले असते, एवढंच सांगत होत्या. व्होल्टेज, नवी आवृत्ती, काही नव्हतं माझ्याकडे सांगायला. ज्यांना कळवायचं ते सगळे मला आठवले होते, फक्त ज्या एका माणसासाठी तो म्हातारा गुडघे मोडत इतक्या खेपा घालत होता, ते एक माणूस सोडून.

सुमनबाई चाळीत वाकल्या आणि कांद्याची पाटी ओढून माझ्यापुढे ठेवली. "बसा," त्या म्हणाल्या. "आज त्यांची खेप हुती. चुकवायला नको."

मी घमेल्यावर बसले. रुमाल पिशवीतच राहू दिला. पहिला कांदा उचलला, वरून छान लाल दिसत होता, चांगल्यांत टाकला. सुमनबाईंनी तो उचलला, मानेशी अंगठा दाबून बघितला, आणि सडक्यांत ठेवला.